खबर आणि गवाही

‘मी स्वतः काही लिहिले नाही. आले ते फक्त पुढे पाठवले.’ हे वाक्य आपण आता इतक्यांदा ऐकले आहे की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटेनासे झाले आहे. पोलीस ठाण्यात उभा केलेला पोरगा हे सांगतो, घरातले चाचा हे सांगतात, शिकलेसवरलेले गुरुजीही हेच सांगतात. पण या साध्या वाक्यात एक नैतिक दावा दडलेला आहे. बोलणारा वेगळा आणि बोललेले पोचवणारा वेगळा. दोष असलाच तर तो पहिल्याचा. पत्रातल्या मजकुराबद्दल टपाल्याला कोणी जाब विचारत नाही, मग मलाच का विचारता? हा दावा कितपत टिकतो हे पाहायचे आहे. ते हवेत पाहण्यापेक्षा आपल्या नाशिक जिल्ह्यात आणि शेजारच्या धुळ्यात एकाच दिवशी जे घडले, त्याच्या आधाराने पाहिलेले बरे.

दिवस १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास मुलूख सोडून दूर जायचे, पाल ठोकायचे, दारोदार मागायचे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढेच निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या परिसरातल्या मोबाइलवर आधीपासून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. काहींनी त्याचे चित्रण केले. ते चित्रणही पुढे पाठवले गेले.

त्याच रात्री मालेगावात परभणीकडचे एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडले. पाच माणसे, त्यांत दोन वर्षांचे एक मूल. तीही मागून खाणारी. तोच संशय, तीच टोळीची गोष्ट. फरक इतकाच की इथे मोहल्ल्यातल्याच काही जणांनी त्यांना जमावातून ओढून एका घरात नेले आणि दार लावून घेतले. पोलीस आले तेव्हा जमाव हजाराच्या वर गेला होता. जमावाने पोलिसांच्या गाडीचीही मोडतोड केली, पण ती पाच माणसे वाचली. त्या वेळी मालेगावचे अप्पर पोलीस अधीक्षक हर्ष पोद्दार होते. एका दिवसात, एकाच अफवेवर, एकीकडे पाच मुडदे आणि दुसरीकडे पाच जिवंत माणसे. इथे नशिबाचा हवाला देऊन मोकळे होणे मला पटत नाही.

ज्या व्हिडिओंनी ही अफवा देशभर नेली त्यांतल्या सर्वात गाजलेल्या व्हिडिओची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पळतात. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी व्हावे असे दृश्य. ते कराचीतले आहे. तिथल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ते मुद्दाम बनवून घेतले होते. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि कराचीत मूल पळवायला क्षणभर पुरतो अशा अर्थाचा फलक धरून उभे राहतात. कोणीतरी हा शेवटचा तुकडा कापला. बस्स. खोटे काही जोडलेच नाही, खरे तेवढे काढून टाकले. मुलांच्या काळजीपोटी केलेली वस्तू माणसे मारायला वापरली गेली, तीही मुलांच्या काळजीपोटीच.

इथे मालेगावची एक गंमत सांगायला हवी. हे यंत्रमागाचे शहर सिनेमावेडे आहे. शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काडीपैलवान कामगाराला सुपरमॅन करून आकाशात उडवले. हिरव्या कापडापुढे माणूस आडवा धरायचा आणि मागे आभाळ जोडायचे. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, २०२५ मध्ये रीमा कागती यांचा चित्रपटही आला. म्हणजे चित्र कसे कापतात, कसे जोडतात, हे ज्या शहरातल्या पोरांनी दोन व्हिसीआरवर स्वतः करून पाहिले, त्याच शहरात कापलेल्या चित्रावर विश्वास ठेवून हजार माणसे रस्त्यावर आली. माहिती असणे आणि ती वेळेवर आठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून ध्यानात येते. भीती वाटू लागली की आठवण पहिली पळते.

आता टपाल्याकडे वळू. टपाली पत्र उघडत नाही. कोणाला पाठवायचे हेही तो ठरवत नाही. आपण संदेश उघडतो, पाहतो, हादरतो, मग चाळीस नावांमधून चार निवडतो, किंवा अख्ख्या खानदानाच्या गटावर टाकतो. टपाल्याची सही पत्रावर नसते. आपण पाठवलेल्या संदेशावर मात्र आपले नाव असते, फोटो असतो, आणि घेणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी जो भरवसा असतो तोही त्याला आपोआप चिकटतो. संदेशाजवळ स्वतःची पत काहीच नसते. ती आपण उधार देतो. ज्याच्या शब्दावर समोरचा माणूस विश्वास ठेवतो त्याला आपल्या भाषेत साक्षीदार म्हणतात, घरात आपण गवाह म्हणतो. पुढे पाठवणारा गवाह आहे. आणि न पाहिलेल्या गोष्टीची गवाही देणारा कोर्टात काय ठरतो ते सांगायला नको.

हा मुद्दा आपल्या वाचकांना परका वाटू नये. सूरह हुजुरातमधली सहावी आयत आपल्याकडे वाझमध्ये नेहमी ऐकवली जाते. बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर तिची तहकीक करा, नाहीतर न कळत कोणाला इजा कराल आणि मागाहून पस्तावाल, असा तिचा आशय. भाष्यकार तिचा संदर्भ असा देतात. वलीद बिन उक्बा यांना बनू मुस्तलिक या टोळीकडे जकात आणायला पाठवले होते. ते अर्ध्या वाटेवरून परतले आणि टोळीने जकात नाकारली, जिवावर उठली, अशी खबर दिली. लष्कर पाठवायची बोलणी सुरू झाली. चौकशीअंती कळले की टोळी तर स्वागताला निघाली होती. आयतीचा रोख कोणाकडे आहे हे पाहण्यासारखे आहे. खोटे बोलणाऱ्याला झापण्यापेक्षा ती ऐकणाऱ्याला बजावते. खोटे सांगणारे जगात असणारच, हे तिने धरून चालले आहे. जबाबदारी टाकली आहे ती ऐकणाऱ्यावर. आणि इमाम मुस्लिम यांनी आपल्या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेतच अशा अर्थाचे वचन घेतले आहे की ऐकलेले सगळे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरे. ‘फक्त पुढे पाठवले’ याला इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही.

पण नियतीचे काय, असे कोणी विचारील. अमल नियतीवर अवलंबून असतात, हे तर आपल्या मुलांनाही पाठ असते. पोरे पळवली जात आहेत असे वाटून एखाद्या आईने चार जणींना सावध केले तर तिची नियत वाईट कशी? वाईट नाहीच. पण हदीसशास्त्राची मांडणी करणाऱ्या जुन्या विद्वानांनी हा पेच फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. कथन करणाऱ्याची पारख ते दोन अंगांनी करीत. एक त्याची सचोटी, दुसरी त्याची अचूकता, म्हणजे ऐकलेले जसेच्या तसे राखण्याची कुवत. त्यांच्या भाषेत अदालत आणि जब्त. माणूस नेक आहे, नमाजी आहे, कधी खोटे बोलला नाही, तरी त्याची आठवण ढिली असेल तर त्याचे कथन ते कमजोर ठरवीत. त्यात त्याचा अपमान नव्हता. त्याच्या नेकीवर बोट न ठेवता त्याची खबर बाजूला ठेवता येत होती. आज आपल्या घरोघरी हीच सवय हवी होती, आणि नेमकी तीच हरवली आहे. अब्बांनी पाठवले म्हणजे खरेच असणार, असे आपण धरतो. अब्बांची सचोटी शंभर टक्के असेल, पण मोबाइलवर आलेल्या चित्राबाबत त्यांचा जब्त काय आहे?

त्या परंपरेत इस्नाद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, हा खबरीचा कणा मानला गेला. मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून. साखळीतला एक दुवा तुटला किंवा एखादे नाव अनोळखी निघाले की खबरीचे वजन घटले. २०१८ च्या जुलै महिन्यात, या हत्यांवरून सरकारने जाब विचारल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. ती खूण आपण माहिती म्हणून वाचतो. खरे तर तिचा अर्थ इतकाच आहे की साखळी तुटलेली आहे आणि मूळ सांगणारा मजहूल, म्हणजे अज्ञात आहे. जुन्या मुहद्दिसाने ती खूण पाहिली असती तर कागद मिटून ठेवला असता.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. तहकीकीला वेळ लागतो, संकट थांबत नाही. समजा, खरोखरच टोळी आली असती तर? काळजी करणाऱ्या आईने मुहद्दिस व्हायचे का? माझे उत्तर असे, की खबर कोणाला द्यायची हा प्रश्न ती खरी की खोटी या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. सूरह निसामध्येही अमन किंवा भीतीची वार्ता आली की ती चौफेर पसरवणाऱ्यांना दोष दिला आहे आणि ज्यांना तिचा माग काढता येतो त्यांच्याकडे ती न्यावी असे सुचवले आहे. पोलीस ठाण्याला केलेला एक फोन आणि गटावर टाकलेले पन्नास संदेश, यांत मुलाचे रक्षण पहिल्याने होते. दुसऱ्याने फक्त जमाव जमतो.

यावर मालेगावचा माणूस कडवट हसेल, आणि त्याला तो हक्क आहे. ज्यांच्याकडे खबर न्यायची त्यांनीच तहकीक न करता माणसे उचलली तर? ८ सप्टेंबर २००६ रोजी शबे-बरातच्या दिवशी बडा कब्रस्तानपाशी स्फोट झाले, मेली ती आपलीच माणसे, आणि आरोपी म्हणून पकडले गेले तेही नऊ मुसलमान. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ च्या एप्रिलमध्ये. तोवर त्यांतला एक हयात नव्हता. २०१४ साली पुण्यात हडपसरला फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून टोळके रस्त्यावर उतरले आणि नमाज पढून घरी निघालेल्या सोलापूरच्या एका तरुणाचा जीव गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२० मध्ये करोना आला तेव्हा तबलीगच्या निमित्ताने फळविक्रेत्यांची जुनी चित्रे फिरवून मुसलमान गाडीवाल्यांना गल्लीबंदी झाली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना प्रसारमाध्यमांतल्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले. पण निकाल कोणी पुढे पाठवत नाही. तेव्हा अफवा म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मला खटकते ते याच्या पुढचे. जो समाज संशयाचा मार इतका खातो, त्याने संशयाबाबत सर्वांत सावध असायला हवे होते. तसे झालेले नाही. लसीविषयीच्या वावड्या २०२१ मध्ये आपल्याच मोहल्ल्यांत आपणच उडवल्या आणि मालेगावात लसीकरण रेंगाळले. त्यात दुसऱ्या कोणाचे नाही, आपल्याच वडीलधाऱ्यांचे नुकसान होते.

त्याच वर्षीचे दुसरे प्रकरण अधिक अवघड आहे, कारण तिथे दुःख खरे होते. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी बांगलादेशातील कोमिल्ला शहरात दुर्गापूजेच्या मंडपात कुरआनची प्रत दिसली. फेसबुकवरून ते चित्र पसरले आणि तिथल्या हिंदूंच्या घरांवर, मंदिरांवर हल्ले झाले. त्याच्या निषेधासाठी त्रिपुरात मोर्चे निघाले आणि तिथल्या मुसलमानांच्या दुकानांची, मशिदीची नासधूस झाली. हे घडले होते. पण त्यासोबत भलत्याच जागेची, भलत्याच वर्षांची चित्रे त्रिपुराची म्हणून फिरू लागली. १२ नोव्हेंबरला महाराष्ट्रात बंद पुकारला गेला. मालेगाव, नांदेड, अमरावती इथे दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी अमरावतीत उलट बंद, जाळपोळ, संचारबंदी. कोमिल्लातल्या एका चित्राने तीन मुलखांतल्या तीन गरीब दुकानदारांची शटर फोडली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

‘एखादे चित्र चुकले असेल, पण जुलूम तर खरा आहे ना?’ असे तेव्हा चांगले जाणते लोक म्हणत होते. हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. जुलूम खरा असेल तर त्याला खोट्या चित्राची गरज काय? खोटे चित्र जोडले की नाकारणाऱ्याला ते एक चित्र पुरते. तो ते खोटे ठरवतो आणि त्याच्याबरोबर खरी मशीदही खोटी होऊन जाते. त्रिपुरात ज्याचे दुकान खरोखर फुटले होते, त्याच्यावर आपल्या उतावळेपणाने दुसऱ्यांदा अन्याय केला.

आता मुलांविषयी. या विषयावर बोलताना आपण लगेच मोबाइल काढून घेण्याच्या गोष्टी करतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाईच केली. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०२३ मध्ये इशारा दिला की दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ यावर घालवणाऱ्या मुलांत नैराश्य-चिंतेचा धोका दुप्पट दिसतो. हे गंभीरपणे घ्यायला हवे. पण बंदीचा आपल्या घरातला मराठी तर्जुमा काय होतो हे आपल्याला ठाऊक आहे. भावाचा फोन भावाकडेच राहतो आणि बहिणीचा काढून घेतला जातो. तिचा अभ्यास, तिच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, मैत्रिणी, सारे त्याच यंत्रात असते. तिने राईनपाड्याचा व्हिडिओ पुढे पाठवला नव्हता.

शिवाय मुलांकडे बोट दाखवताना आपण सोयीस्करपणे एक गोष्ट विसरतो. खानदानाच्या गटावर सकाळपासून संदेश टाकतात ती पोरे नसतात, आपण असतो. पोरांचा धोका निराळा आहे. त्यांना स्वतःला दाखवायचे असते, पाच जणांनी पाहावे असे वाटते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही अल्पवयीन मुलांनी मोबाइलच्या स्टेटसवर इतिहासातल्या बादशहांची चित्रे लावली. ७ जूनला शहर बंद, दुकानांवर दगड, इंटरनेट खंडित. चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे ते स्टेटस, पण भरपाई मोहल्ल्याने केली. त्या वयात ईर्ष्या असते, चिडवण्याची हौस असते. आपल्या वेळीही होती. पण ती भिंतीवर कोळशाने लिहिण्यापुरती, आणि ती भिंत फार तर गल्ली वाचायची.

मग करायचे काय? केरळात कन्नूरचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले. संदेश कोणी पाठवला, का पाठवला, दुसरीकडे कुठे छापून आले आहे का, हे विचारायला मुलांना शिकवायचे. नाशिक-मालेगावच्या उर्दू आणि मराठी शाळांत हे करायला फार पैसा लागत नाही. चित्राचा उगम उलटा शोधून पाहण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. पाचवीतली मुलगी दोन मिनिटांत शिकते. फॅक्ट क्रेसेन्डोसारख्यांनी मराठीतूनही अफवांची चिरफाड करून ठेवली आहे. आणि मालेगावकरांकडे तर घरचीच विद्या आहे. मुलांच्या हातात कात्री द्या, त्यांना दोन चित्रे जोडून एक खोटा व्हिडिओ वर्गात बनवू द्या. ज्याने एकदा स्वतः शेवट कापून पाहिला त्याला दुसऱ्याने कापलेला शेवट लवकर दिसतो. मदरशात उसूले-हदीस शिकवणाऱ्या मौलानांनी इस्नादचा धडा देताना त्या आठवड्यात गावात फिरलेला एखादा संदेश फळ्यावर लिहिला, तर तो धडा मुलांना जन्मभर पुरेल.

खरी अडचण शिकवण्यात नाहीच, अदबीत आहे. मुलगी ओळखते की मामूंनी टाकलेला व्हिडिओ जुना आहे, दुसऱ्या देशातला आहे. पण पन्नास नातेवाइकांसमोर मामूंना ‘हे खोटे आहे’ कसे म्हणायचे? ती गप्प बसते. आपण मुलांना मोठ्यांचा आदर शिकवला, मोठ्यांची खबर कमजोर ठरवण्याची रीत मात्र दिली नाही. ‘मामू, आप तक ये किसने पहुँचाया?’ एवढे विचारायची मुभा तिला घरात मिळायला हवी, आणि विचारल्यावर मामूंच्या कपाळाला आठी पडू नये. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण आहे.

मालेगावच्या त्या रात्रीत माझे मन पुन्हा अडकते ते ज्याने दार लावून घेतले त्याच्यापाशी. ती पाच माणसे निर्दोष आहेत हे त्याला तरी कुठे ठाऊक होते? तेच संदेश त्याच्याही मोबाइलवर आले असतील. त्याच्याजवळ पुरावा नव्हता, तहकीकीला वेळ नव्हता, बाहेर जमाव होता. त्याने पोलीस येईपर्यंत ती माणसे आपल्या घरात ठेवली.